जर्मनीहून परत आलेला बेदाणा

"अण्णा गेले," त्यांचा मुलगा शांतिनाथ फोनवर म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?"

आता ते आठवलं की कसंतरी होतं. पण त्या दुपारी साताऱ्यातल्या आमच्या घरात शेंगा सोलत बसले असताना मला खरंच वाटलं की अण्णा तासगावच्या सौद्याला गेले असतील, नाहीतर कुणाला तरी टाळायला मागच्या दारानं बाहेर पडले असतील. पूर्वी एकदा मुंबईचा एक व्यापारी ठरलेला माल नाकारायला आला होता, तेव्हा अण्णांनी याच पोराकरवी "वडील मिरजेला दवाखान्यात आहेत" असं सांगायला लावलं होतं आणि स्वतः कोल्ड स्टोरेजच्या मागं बसून पेरू खात होते. शांतिनाथ पलीकडे रडायला लागला, तरी माझं मन लगेच मानेना. फोन ठेवला आणि गोदामाच्या वॉचमनला लावला. "खरं हाय मॅडम," तो म्हणाला, "सकाळी झोपेतच गेले." आमचे हे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले; दारात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, "मेलेल्या माणसाची पण तपासणी करतीस व्हय गं?"

करते. मला तो गुण अण्णांकडूनच लागला... की माझ्यात तो आधीपासून होता आणि म्हणूनच त्यांनी मला ठेवून घेतलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

भूपालअण्णा सांगलीतले बेदाण्याचे व्यापारी. घराणं जैन, मूळ शेतकऱ्याचं, वडिलांच्या काळापासून व्यापारात. मी रहिमतपूरची, रसायनशास्त्र शिकलेली. लग्न झालं आणि नवरा सीमेवर. हाताला काम हवं होतं. अण्णांना तेव्हा नुकतीच परदेशातून मागणी यायला लागली होती आणि प्रत्येक कागदावर केमिस्टची सही लागायची. मुलाखत म्हणून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमी खोटी सही करता का?" मी जरा रागानंच नाही म्हणाले. "मग खरी करा," ते म्हणाले, "पण खोटी करायला येत न्हाई असं कवा म्हणू नका. ती सगळ्यास्नी येती." त्या रात्री मी वडिलांना म्हणाले, हा माणूस एक तर फार सरळ आहे, नाहीतर उद्या खोटी सही करायला लावण्यासाठी आजच जमीन भुसभुशीत करतोय. वडील म्हणाले, जाऊन बघ. त्यानंतर मी वीसेक वर्षं जाऊन बघत राहिले.

त्या काळात अण्णांबरोबर मी दोनदा परदेशी गेले. अण्णांना इंग्रजी समजायचं, पण बोलायचे नाहीत. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक जास्त बोलतात, असा त्यांचा हिशेब. पहिल्यांदा जर्मनीला गेलो. तिथल्या आमच्या ग्राहकाचं नाव क्लाउस. उंच, लालसर चेहऱ्याचा, वेळेचा पक्का माणूस. त्यानं आम्हाला जेवायला नेलं. उन्हाळा होता आणि सूर्य काही केल्या मावळत नव्हता. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नसत, हे क्लाउसनं कुठूनतरी वाचून ठेवलं होतं. तो आनंदानं खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, बघा, आज तुम्हाला रात्रीपर्यंत जेवता येईल. अण्णांनी मनगट पुढं केलं. घड्याळ सांगलीच्या वेळेवर होतं. "आमच्याकडं कवाच मावळला," ते मला म्हणाले, "सांगा ह्यास्नी." आणि पाण्याचा घोट घेऊन उठले. क्लाउस भारावून गेला. मला मात्र वाटत राहिलं की दराची गोष्ट टाळायलाच अण्णा सांगलीचा सूर्य मध्ये आणताहेत. हॉटेलवर परत येताना मी तसं विचारलंही. ते हसले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्यांदा दुबईला. तिथला व्यापारी कागद बघायचाच नाही. दोन तास चहा आणि अण्णांच्या नातवंडांची चौकशी, मग मूठभर बेदाणा तोंडात टाकून "चालेल". पुढच्या वर्षी भाव पडले तेव्हा याच प्रेमळ माणसानं महिनाभर आमचा फोन उचलला नाही, आणि भाव चढल्यावर पुन्हा नातवंडांची चौकशी करत फोन केला. मधल्या काळात एक जपानी पाहुणे सांगलीत येऊन गेले. त्यांनी मालाला हातही लावला नाही. माल निवडणाऱ्या बायका हात कुठं धुतात आणि संडासाच्या दाराला कडी आहे का, ते बघितलं, खाली वाकून नमस्कार केला आणि "आम्ही विचार करू" म्हणून गेले ते कायमचेच. अण्णांनी यावरून आपला एक सिद्धांत केला होता. जर्मन माणसाचं इमान यंत्रात असतं, दुबईवाल्याचं जिभेवर, जपान्याचं न्हाणीघरात. "आणि आपलं?" मी विचारायची. "आपलं समोरचा माणूस कोण हाय त्यावर," ते म्हणायचे. एकेका माणसावरून सगळा देश मोजायची ही पद्धत मला पटायची नाही. पण व्यापारी माणसाला भेटतोच एकेक माणूस, देश कुठं भेटतो?

मग तो कंटेनर परत आला. अण्णांविषयी बाजारात ज्या गोष्टी सांगतात त्यातली सर्वांत मोठी हीच, आणि प्रत्येक जण ती वेगळी सांगतो. म्हणून मी डोळ्यांनी पाहिली तशी सांगते.

जर्मनीच्या बंदरावर आमच्या मालात एका फवारणीच्या औषधाचा अंश सापडला. शेतकरी त्याला औषधच म्हणतात, विष कुणी म्हणत नाही. अंश फार नव्हता; पण ते औषध त्यांच्याकडे बंद झालेलं, त्यामुळे माल नाकारला गेला. क्लाउसचा फोन आला. तो चिडला नव्हता, उलट मदतच करत होता. म्हणाला, एवढ्या लांबून परत नेऊ नका, खर्चात जाल; माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो हाच माल दुसऱ्या एका देशात पाठवेल, तिथं नियम सैल आहेत, दरही बरा मिळेल. मी अण्णांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "त्या देशातल्या लोकास्नी पोटं न्हाईत का, इचारा." मी हे विचारलं नाही, विचार करून कळवतो एवढंच म्हणाले.

आम्ही आधी माल कुणाचा होता ते शोधलं. आटपाडीकडच्या एका बागायतदाराचा लॉट निघाला. त्याच्या बागेत गेलो. माणूस बिचारा घाबरला नव्हता, कारण आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नव्हतं. त्यानं शेडमागून औषधाचा रिकामा कॅन आणून दाखवला. "आवं अण्णा, देशी न्हाई मारलं. चांगलं परदेशी हाय, महाग." मी कॅनवरची बारीक अक्षरं वाचली. क्लाउसच्याच देशातली कंपनी. अण्णा म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी कॅन स्वतःच्या हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला, जणू खरं काय ते तिथं लिहिलेलं असणार. बागायतदार एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. "काय झालं ओ?" "काय न्हाई," अण्णा म्हणाले, "पाणी पाज."

क्लाउसला मी हे कळवलं. त्याचं उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं. आमच्या देशात ते वापरायला बंदी आहे, बनवून बाहेर विकायला नाही. ती कंपनी वेगळी, मी वेगळा. यात कायद्याचा कुठलाही भंग नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज चढला होता. अण्णांचा चढला नाही. "ह्यो माणूस खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "तीच तर भानगड हाय."

कंटेनर परत मागवायचं त्यांनी ठरवलं. बाजारात एकच चर्चा. एवढा खर्च करून कुणी नाकारलेला माल परत आणतं का? आत काहीतरी असणार. सोनं असेल, असं म्हणणारेही होते, आणि म्हणणाऱ्यांत अण्णांचा सख्खा साडू होता. मला सोन्याची शंका नव्हती. मला वेगळी होती. हा माल आता सांगलीत येणार, पोती बदलणार, आणि माझ्या सहीनं इथल्याच लोकांच्या घरात जाणार. आलेला माल आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिला. आपल्या नियमात तो बसत होता. म्हणजे तिथं खाण्याच्या लायकीचा नव्हता आणि इथं होता. दाणा तोच.

पुण्याहून अहवाल घेऊन येताना आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला चहाला थांबलो. अण्णांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "ह्यो बेदाणा तुमी घरी न्याल का?"

"कायद्यानं चालतंय अण्णा," मी म्हणाले.

"क्लाउसपण हेच म्हनला."

मी चिडून म्हणाले, "मग करणार काय तुम्ही? फेकून देणार?" एवढा माल फेकणं म्हणजे पन्नास बायकांचा हंगामाचा रोजगार धोक्यात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अण्णांनी चहा संपवला. गाडीत बसताना म्हणाले, "सांगून इकायचा."

सौद्याचा दिवस मला लख्ख आठवतो. बेदाण्याचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, तिथं माल उघडून व्यापारी मुठी भरतात, बघतात, चघळतात आणि उरलेला खाली उधळतात. पायाखाली चिकट चिखल होतो. बोली लावणाऱ्यांचा गलका चाललेला असतो. त्या गलक्यात अण्णा आपल्या मालापुढं उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका. ह्यो माल जर्मनीनं नाकारून परत पाठवलेला हाय. त्यात औषधाचा अंश सापडलाय. आपल्या कायद्यात बसतोय, त्यांच्यात बसत न्हाई. इच्छा असंल त्यानंच बोली लावा."

क्षणभर सगळं शांत झालं. सौद्यात तसं कधी होत नाही. मग मागून कुणीतरी हसलं. "अण्णा लय पोचलेला गडी हाय!" आणि मी बघत असताना व्यापाऱ्यांच्या चेहऱ्यांवर एक एक शंका उगवायला लागली. आपल्याच मालाची बदनामी कोण करतं? स्वतःचाच माणूस बसवून स्वस्तात परत उचलायचा आणि कागदावर तोटा दाखवायचा असेल. नाहीतर जर्मनीत भांडण दराचं झालं असेल, मालाचं नव्हे. आणि काही झालं तरी जर्मनीला गेलेला माल... एक्स्पोर्टचा माल! कुणीतरी बोली लावली. दुसऱ्यानं चढवली. तिसऱ्याला वाटलं, या दोघांना काहीतरी माहीत आहे. अण्णा पुन्हा ओरडून सांगत होते, "आवं, ऐका की, अंश हाय त्यात!" आणि ते जितकं सांगत तितका भाव चढत होता. त्या हंगामात कुणाच्याच बेदाण्याला मिळाला नाही एवढा दर त्या नाकारलेल्या मालाला मिळाला. पुढं महिनाभर सांगलीच्या दुकानांत तो 'एक्स्पोर्ट क्वालिटी' म्हणून विकला गेला.

अण्णा परतताना गाडीत डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्याकडं बघत होते. माझ्या मनात शंका आली ती तेव्हा, आणि सांगायला हरकत नाही, ती फार वर्षं गेली नाही. या माणसाला आपली बाजारपेठ तळहातासारखी ठाऊक. आपण असं बोललो की लोक काय समजतील, हे त्याला कळलं नसेल? हा सरळपणा होता, की आजवर सांगलीनं पाहिलेला सर्वांत हुशार सौदा?

त्यानंतर अण्णांनी जे केलं त्यानंही शंका मिटली नाही, वाढलीच. तोवर आमच्याकडं, सगळ्यांकडं असतात तसे, दोन विभाग होते. एक परदेशच्या मालाचा, चकचकीत, जाळीच्या दारांचा. आणि एक इथल्या मालाचा, जिथं मी क्वचितच जायची. अण्णांनी मधली भिंत पाडायला लावली. यापुढं एकच नियम, जो जर्मनीला तोच जतला आणि कराडला. ते औषध मारणाऱ्या बागेचा माल कुणासाठीच घ्यायचा नाही. निम्मे बागायतदार दुसऱ्या व्यापाऱ्यांकडं गेले. धंदा आकसला. आता बाजार म्हणायला लागला, अण्णानं दुसऱ्या औषध कंपनीशी संधान बांधलंय. मी त्या दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याला एकदा चहा पाजून आडून आडून विचारलं. तो बिचारा अण्णांवर आणखीच भडकलेला होता. त्याचंही एक औषध आम्ही बंद केलं होतं. ही एक शंका मी तेवढी निकालात काढली. क्लाउसनं मात्र माल घेणं चालू ठेवलं. त्यानं भिंत पाडल्याचं ऐकून लिहिलं होतं, तुमच्या देशातल्या मालासाठी एवढी काळजी घेण्याची गरज नाही, खर्च वाढतो. अण्णांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि पोट धरून हसले.

मी निवृत्त होऊन साताऱ्याला आले. अण्णा आजारी पडले, तेव्हा या पावसाळ्याच्या तोंडाशी मिरजेच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले. हाडकुळे झाले होते, पण डोळे तेच, समोरच्याचं वजन करणारे. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर म्हणाले, "बरं हुईल म्हणत्यात. म्हंजे काय खरं न्हाई." मग मी विचारलं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"अण्णा, त्या दिवशी सौद्यात... भाव चढणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी छताकडं पाहिलं. "व्हय," म्हणाले. "रात्रभर ठाऊक हुतं."

"मग?"

"मग काय? न सांगता इकला असता तर चोरी. सांगून इकला तर धंदा. तिसरं काय सुचलं न्हाई मला." थोडं थांबून म्हणाले, "ती भिंत नंतर सुचली. उशिरानं."

मी त्यांचा हात धरून बसले. पण खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलंच की हे उत्तर फार नेटकं आहे, यांनी ते कधीपासून तयार ठेवलं असेल?

त्या दुखण्यातून उठून ते घरी आले, गोदामातही जायला लागले असं कानावर होतं, आणि मग तो फोन आला. ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी शांतिनाथनं मला बोलावलं. हॉलंडच्या एका नव्या ग्राहकाकडून तपासणीला एक तरुण बाई येणार होती आणि ओळखीचं माणूस जवळ असावं असं त्याला वाटत होतं. बाई हसरी होती, पण नजर तीक्ष्ण. तिनं सगळं पाहिलं, मग विचारलं, "आणि तुमच्या देशातल्या मालाचा विभाग?" शांतिनाथ म्हणाला, "हाच. एकच आहे." ती हसली. तिनं हे उत्तर आधीही कुठं कुठं ऐकलं असणार. ती एकेक दार उघडत निघाली. कोल्ड स्टोरेज, बेदाण्याला लावायच्या तेलाच्या कॅनची खोली, बायकांची कपडे बदलायची जागा, बॉयलरच्या मागची बोळकांडी. मी तिच्यामागून चालत होते आणि मला तिचा राग येत नव्हता. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. शेवटी मागच्या बाजूला एक कुलूपबंद दार आलं. "हे काय?" शांतिनाथ गडबडला. किल्ली कुठं आहे त्याला आठवेना. तिनं हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. मीही त्याच्याकडं बघितलं. या खोलीचं मला माहीत नव्हतं... माझ्यानंतर झालेली असणार. काय आहे आत?

किल्ली शांतिनाथच्या आईकडं, घरी होती. किल्ली येईपर्यंत आम्ही तिघं त्या दारापुढं उभे राहिलो. दार उघडलं. एक लोखंडी खाट, तिच्यावर गादी आणि उशी, कोपऱ्यात माठ, भिंतीला खिळ्यावर टांगलेला सदरा. आजारपणात अण्णा दुपारी इथं पडायचे. "वडिलांची खोली," शांतिनाथ म्हणाला. "गेले ते. तेव्हापासून उघडली नव्हती." बाईचा चेहरा उतरला. तिनं माफी मागितली, कागदावर टिपलेलं खोडलं आणि हळूच मागं सरली.

तिची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी परत आले. दार उघडंच होतं. आत गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि खाटेखाली पाहिलं. झाडलेली फरशी, दुसरं काही नाही. उठताना शांतिनाथ दारात उभा दिसला. मला ओशाळल्यासारखं झालं. पण तो रागावला नाही.

"उशीखाली पण बघा मॅडम," तो म्हणाला. "अण्णा असते तर बघाच म्हनले असते."

मी उशी उचलली. खाली गादीला डोक्याच्या भारानं पडलेला खळगा होता. मी त्याच्यावर हात फिरवला, आणि तो सपाट व्हायच्या आत उशी परत ठेवली.